गिदोनाच्या कीर्तनातली मागची

रिबेकामावशींचा मेसेज आला तेव्हा मिल्का नोआला पाजत होती. एका हातात मूल, दुसऱ्या हातात फोन. ‘यंदा सुक्कोथच्या सणानंतरच्या रविवारी आपलं कीर्तन. आख्यान: गिदोन शास्ता. पुढे उभी राहणार: जान्हवी.’ खाली टाळ्यांची रांग लागली होती. एस्तेरच्या टाळ्या, सलोमीच्या टाळ्या, आणि शेवटी मिल्काच्या सासूबाईंच्या टाळ्या. त्याही सहा. सासूबाई आतल्या खोलीतच होत्या. भिंतीपलीकडून त्यांच्या फोनची टिकटिक ऐकू येत होती.

मिल्काने एक टाळी टाकली. मग वाटलं, एकच म्हणजे सगळ्यांना कळणार. तिने ती पुसली. ग्रुपवर ‘मेसेज काढून टाकला’ अशी ओळ उमटली, ती त्याहून वाईट. शेवटी तिने चार टाळ्या आणि एक फूल टाकलं. नोआ दूध सोडून आईच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली.

“काय बघतेस? पी,” मिल्का म्हणाली.

बोरिवलीचं हे कीर्तन मंडळ बेने इस्राएल बायकांचं. म्हणजे शतकानुशतकं कोकणात राहून मराठी झालेल्या ज्यू लोकांचं. टाळ, पेटी, तबला, सगळं चारचौघांच्या कीर्तनासारखंच; पदं मराठी, चाली मराठी, फक्त आख्यानं तनाखमधली, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली. कधी मोशे, कधी रूथ, कधी शास्ते. शास्ते म्हणजे इस्राएलात राजे यायच्या आधीची माणसं. लढाई आली की तलवार घ्यायची, लढाई सरली की बसून लोकांचे तंटे सोडवायचे. गिदोन त्यातलाच. तीनशे माणसं घेऊन, घड्यांत दिवे लपवून, रात्री टोळधाडीसारख्या मिद्यानी फौजेवर तुटून पडलेला.

मिल्का या मंडळात आठ वर्षं होती. आधी नुसती मागच्या रांगेत, मग टाळ, मग मावशींच्या शेजारी. दोन वर्षांपूर्वी याच रिबेकामावशींनी गुडघे चोळत तिला म्हटलं होतं, “माझं आता झालं गं. यापुढे पुढे तू.” मग नोआचे दिवस राहिले. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, पोर सातव्या महिन्यात येते की काय असं झालं, आली ती वेळेवरच, पण त्यानंतर मिल्काच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. रात्री उठून मुलीच्या नाकाशी बोट धरायचं. जमिनीवर कुठे पिन, कुठे शेंगदाणा, कुठे औषधाचं झाकण पडलंय, ते इतरांच्या आधी तिला दिसायचं. एम.कॉम. झालेली बाई, पण अकरा महिन्यांत तिने वाचलं काय असेल तर तापाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं.

आणि या अकरा महिन्यांत जान्हवी मंडळात शिरली.

जान्हवी तिची धाकटी जाऊ. मिल्काचा दीर रूबेन मालाडला ज्या ऑफिसात आहे तिथेच ही होती. मालवणकडची, हिंदू घरातली. लग्न रजिस्टर झालं तेव्हा सासूबाई आठवडाभर जेवल्या नव्हत्या. आता सहा टाळ्या टाकत होत्या. कारण जान्हवीचे आजोबा गावच्या देवळात कीर्तन करायचे आणि ही सातव्या वर्षापासून त्यांच्या मागे टाळ घेऊन उभी. कोकणातल्या मोकळ्या हवेत तापलेला आवाज. माइक नको, काही नको.

मिल्काने फोन लावला.

“मावशी, मला विचारायचं तरी.”

“अगं, तू बाळात अडकलेली. म्हटलं कशाला पोरीच्या डोक्याला ताप.”

“मी नाही म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी.”

“म्हणाली असतीस नाही?”

मिल्काने नोआला खांद्यावर घेतलं आणि तिची पाठ थोपटायला लागली.

“हे बघ, तू तिची मागची हो,” मावशी म्हणाल्या. “तुझ्याशिवाय तिला कोण सांभाळणार? आवाज आहे गं तिला, पण आपलं काय ठाऊक आहे? गिदोन कोण, मिद्यान कुठलं, तिला सगळं सारखंच.”

मागची म्हणजे काय ते मंडळाबाहेर कुणाला सांगून कळायचं नाही. या मंडळात पुढे उभी राहणारी हातात कागद घेत नाही. तिच्या डाव्या खांद्यामागे एक बाई वही घेऊन उभी असते. पद संपलं की ध्रुपद पहिल्यांदा ती उचलते, मग बाकीच्या. आणि ध्रुपद विरतं त्या अर्ध्या श्वासात पुढच्या पदाचा पहिला शब्द ती पुढचीच्या कानाशी टाकते. लोकांना दिसते पुढची. मागची असते हे तिचा आवाज बसला तरच कळतं.

लहानपणापासून मिल्काला गिदोनाच्या गोष्टीतली एक जमात आवडायची नाही. एफ्राईमची माणसं. लढाई जिंकल्यावर ती गिदोनाच्या अंगावर धावून येतात, म्हणतात, आम्हाला का नाही बोलावलंस? ती वाचायची आणि म्हणायची, काय ही हलकी माणसं! फोन ठेवल्यावर तिला ती पहिल्यांदा आठवली, आणि पहिल्यांदाच वाटलं की त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

तालमी रविवारी दुपारी मावशींच्या हॉलमध्ये. मिल्का दहिसरहून रिक्षाने यायची, पाठीवर नोआची पिशवी. कोपऱ्यात चटई पसरून पोरीला ठेवायची आणि वही हातात घ्यायची, पण डोळे चटईवर.

दुसऱ्याच रविवारी नोआ रडायला लागली. दात येत होते. मिल्काने खांद्यावर घेतलं, फिरवलं, गॅलरीत नेऊन कावळा दाखवला, पाणी पाजलं. पोरगी निळी पडेस्तोवर रडत होती. तबल्यावरचा नितेश हात थांबवून बसला. बायका “गॅस झालाय”, “नजर लागली”, “पोट दाबून बघ” म्हणायला लागल्या.

“वहिनी, मी घेऊ?” जान्हवी म्हणाली.

“नको. तिला सवय नाही तुझी.”

जान्हवीने घेतलं नाहीच. नुसतं उभ्या उभ्या पहिलं पद सुरू केलं, खालच्या सुरात.

थोडक्यांच्या हाती घडा, घड्यामाजी दिवा
गिदोना रे गिदोना, हाच तुझा ठेवा

तिसऱ्या ओळीला नोआ गप्प. चौथीला तिने आईच्या खांद्यावरून मान वळवली आणि दोन्ही हात पसरले. जान्हवीकडे.

“अगो बाय माझी!” जान्हवी हसली आणि पोरीला घेऊन टाकलं. सगळ्या बायका हसल्या. मिल्कापण हसली. तिचे हात मोकळे झाले आणि त्या मोकळ्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. ओल्या झालेल्या खांद्यावर तिने पदर ओढून घेतला.

“माझं पोर माझ्याकडे गप्प राहत नाही,” घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली.

“बरं आहे की,” दानियल म्हणाला. “जान्हवीचा आवाजच तसा आहे. मीपण गप्प होतो.”

त्याला गंमत करायची होती. मिल्काने त्याच्या पुढ्यातली आमटीची वाटी जरा जोरात ठेवली.

नव्याच्या सणाला, म्हणजे बेने इस्राएलांच्या नव्या वर्षाला, चिकाचा हलवा लागतो. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, आणि नारळाच्या दुधात साखर घालून तो ढवळत बसायचं. हात थांबला की तळाला लागला. दोघी जावा मिळून हे काम करायचं असं सासूबाईंनी ठरवलं आणि स्वतः नोआला घेऊन पंख्याखाली बसल्या. जान्हवी मालाडहून सकाळीच आली. टोप मोठा, दोघी आळीपाळीने ढवळत होत्या.

“वहिनी, निरूपण ऐकशील माझं? पदं पाठ आहेत. मधली गोष्ट सांगायची भीती वाटते. तुमचे ते हायीमकाका पहिल्याच रांगेत बसतात.”

हायीमकाका म्हणजे समाजातले सगळ्यात जाणते. पंच्याऐंशीच्या पुढचे. तनाख त्यांना पानागणिक पाठ. जान्हवी पुढे उभी राहणार हे कळल्यावर त्यांनीच मावशींना विचारलं होतं, “आपल्या मुली संपल्या काय?” त्यावर मावशी म्हणाल्या होत्या, “काका, ही काही तफिल्ला, प्रार्थना नाही, गोष्ट आहे. गोष्ट सांगता येईल तिनं सांगावी.”

“सांग,” मिल्का म्हणाली आणि डाव हातात घेतला.

मंडळात पदांच्या तालमी होत, निरूपणाची कधीच नाही. मावशींचा नियमच होता. गद्य ताजंच हवं, घोटलेलं निरूपण शिळ्या भातासारखं लागतं. वहीतही फक्त पदं. मधली गोष्ट ज्याची त्याने आपल्या जिभेने सांगायची. बाकीच्या बायकांना ती जन्मापासून ठाऊक, त्यामुळे आजवर कुणाचं अडलं नव्हतं.

जान्हवी ओट्याला टेकून उभी राहिली आणि सांगायला लागली. मिद्यान्यांच्या भीतीने खड्ड्यात लपून गहू झोडणारा गिदोन. बत्तीस हजार माणसं जमली, देव म्हणाला, जास्त झाली. जे घाबरले ते घरी जाऊ देत. बावीस हजार गेले. उरले दहा हजार. देव म्हणाला, अजून जास्त. त्यांना झऱ्यावर ने. पाणी पिताना बघ.

मिल्का ढवळत होती, पण तिचं लक्ष टोपात नव्हतं. चांगलं सांगत होती मेली. हातात काही नसताना तिने ओट्याशेजारी झरा उभा केला होता.

“काहीजण गुडघे टेकून, खाली वाकून, शांतपणे पाणी प्याले,” जान्हवी म्हणाली. “आणि काहीजण उभ्या उभ्याच ओंजळ तोंडाशी नेऊन कुत्र्यासारखे लपलप प्याले. माझे आजोबा आम्हाला सांगायचे, पाणी बसून प्यावं, पाण्याला मान द्यावा. उभ्याने पाणी प्यायलं की पाठीत धपाटा. तर देव म्हणाला, गिदोना, हे जे गुडघे टेकून प्याले ते तीनशे माझे. ज्यांना पाण्यासमोर वाकता येतं ते. बाकीचे लपलपे घरी पाठव.”

मिल्काचा हात थांबला.

उलटं होतं. पार उलटं. लपलप प्याले तेच तीनशे. हात तोंडाशी आणि नजर शत्रूवर, असे. गुडघे टेकणारे नऊ हजार सातशे घरी गेले. नोआच्या वयापासून ऐकलेली गोष्ट.

“रूबेनने सांगितलं दोन गट केले म्हणून,” जान्हवी म्हणाली. “त्याला नीट आठवत नव्हतं. म्हटलं, हे तर सरळच आहे. बरोबर आहे ना, वहिनी?”

टोपातून करपल्याचा बारीक वास आला. मिल्काने पटकन तळाशी डाव घातला.

“झकास,” ती म्हणाली.

“खरंच? काही बदलू?”

“काही नको. असंच सांग.”

“अगं, हलवा लागला काय?” बाहेरून सासूबाई ओरडल्या.

“नाही, आई,” दोघी एकदम म्हणाल्या.

त्यानंतर चार रविवार होते. चार रविवारांत सांगता आलं असतं. मिल्काने मनात रोज सांगितलं. ‘अगं जान्हवी, परवा मी ढवळण्यात होते, लक्षात नाही आलं.’ इतकं सोपं वाक्य. एकदा तर नंबरही लावला, आणि पलीकडून जान्हवी म्हणाली, “वहिनी, तूच! आत्ताच मावशींचा फोन होता, म्हणाल्या, इतक्या वर्षांत असा आवाज मंडळात आला नाही.” मिल्का म्हणाली, “नोआची टोपी तुमच्याकडे राहिली काय बघ.” टोपी तिच्या हातातच होती.

हायीमकाका पहिल्या रांगेत असतील. ते गप्प बसणार नाहीत. मिल्काला पुढचं सगळं दिसायचं, अगदी रंगांसकट. जान्हवीचा लाल झालेला चेहरा. मावशींचं कपाळाला हात लावणं. मग मावशी म्हणणार, चुकलंच माझं, मिल्का होती ना. हे दिसलं की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच उठून ती नोआचं कपाळ चाचपायची. आपल्या मनातल्या घाणीचं पोरीला काही होईल, असं तिला वाटायचं. बाहेरून हसत होती, आत जळत होती, आणि जळता जळता थर्मामीटर शोधत होती.

कीर्तन एका शाळेच्या हॉलमध्ये. रविवार, दुपारी चार. दीडशे माणसं आली, कुणी ठाण्याहून, कुणी पनवेलहून. पहिल्या रांगेत हायीमकाका, डोक्यावर किप्पा, दोन्ही हात काठीवर. सासूबाईंच्या मांडीवर नोआ. दानियल आणि रूबेन मागे खुर्च्या लावत होते.

जान्हवीने निळी नऊवारी नेसली होती. पाठीमागून तिची मान घामाने चमकत होती. तिला भीती वाटतेय हे फक्त मिल्काला दिसत होतं, कारण तिच्याइतक्या जवळ कुणीच नव्हतं.

“वहिनी, आहेस ना?” मान न वळवता जान्हवी कुजबुजली.

“आहे.”

पहिलं पद झालं. मिल्काने ध्रुपद उचललं, शब्द टाकला, जान्हवीने झेलला. दुसरं, तिसरं. हॉल रंगायला लागला. गहू झोडणारा गिदोन आला तेव्हा बायका हसल्या. बावीस हजार घाबरट घरी निघाले तेव्हा जान्हवीने त्यांची चाल करून दाखवली आणि पोरं खिदळली. मग ती झऱ्यावर आली.

अजून वेळ होता. एक पद मध्ये होतं. ध्रुपद विरताना अर्धा श्वास होता. त्यात मिल्का पदाच्या शब्दाऐवजी ‘लपलपे ते तीनशे’ एवढं टाकू शकत होती. तिने तोंड उघडलं. पहिल्या रांगेमागे नोआ दोन्ही हात वर करून जान्हवीकडे झेपावत होती, आणि सासूबाई कौतुकाने शेजारणीला दाखवत होत्या. मिल्काने वहीतला शब्द टाकला. फक्त वहीतला.

“...तर देव म्हणाला, गिदोना, हे गुडघे टेकून प्याले ते तीनशे माझे!” जान्हवीचा आवाज छताला लागला. “बाकीचे लपलपे घरी पाठव!”

हॉलमध्ये कुजबुज उठली. काठी आपटली.

“उलटं!” हायीमकाका उभे राहिले होते. “उलटं सांगतेस, मुली! पार उलटं!”

नितेशचा हात तबल्यावर तसाच राहिला. पेटीचा सूर घरंगळत बंद झाला. जान्हवीने अर्धी मान वळवली. तिचा एक डोळा मिल्काला दिसला, आणि त्या डोळ्यात आधी प्रश्न होता. वहिनी, काय? मिल्काने वहीत बघितलं. वहीत त्याचं उत्तर नव्हतं, तरी ती बघत राहिली. तिने परत नजर वर केली तेव्हा त्या डोळ्यात प्रश्न उरला नव्हता.

जान्हवी पुढे वळली.

“बसा, काका, बसा,” ती म्हणाली. आवाज किंचित फाटला आणि लगेच सावरला. “तुम्ही ओरडलात ते बरं झालं. कारण अगदी असाच त्या दिवशी वरून कुणीतरी ओरडला!”

कुणाला काही कळेना.

“गिदोन माणूसच ना हो? त्यानं काय केलं असेल? जे मी केलं तेच. नीट वाकून पिणारे बघितले, वा, काय वळण, काय संस्कार! तर हे माझे. आणि हे लपलपे, हे घरी जाऊ देत. इथल्या प्रत्येक आईनं हेच केलं असतं. सांगा, पोरगं उभ्यानं घटाघटा पाणी प्यायलं तर पाठीत धपाटा घालता की नाही?”

“घालतो!” कुणी बाई ओरडली. हशा पिकला.

“तर गिदोनानं वाकणारे उजवीकडे घेतले, आणि वरून आवाज आला.” जान्हवीने काठी आपटल्यासारखा पाय आपटला आणि हुबेहूब हायीमकाकांच्या आवाजात म्हणाली, “उलटं! पार उलटं!”

हॉल कोसळला. हायीमकाका आधी गोंधळले, मग तोंडाचं बोळकं उघडून हसायला लागले, आणि हसता हसताच खाली बसले. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांच्या वरून जान्हवीने हात मागे केला, बोटं हलवली. मागचीला खूण. ध्रुपद.

जिला पाडायचं म्हणून ती चार आठवडे गप्प बसली होती, तिला तिनेच असं उंच चढवलं होतं. आता ध्रुपद उचललं नाही तर सगळं लटकणार. तिने उचललं. एवढ्या मोठ्याने उचललं की एस्तेरने तिच्याकडे वळून बघितलं.

कीर्तन संपलं तेव्हा माणसांनी जान्हवीला घेरलं. हायीमकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मिल्का नोआला घेऊन जिन्याजवळ उभी राहिली. थोड्या वेळाने रिबेकामावशी जान्हवीचा दंड धरून तिला तिथेच घेऊन आल्या, चेहरा नुसता फुललेला.

“काय वळण घेतलंस गं! काळीज हललं माझं, म्हटलं चुकली पोर. कुणी सुचवलं?”

जान्हवीने मिल्काकडे बघितलं. “वहिनीने. निरूपण घरी तिच्याचसमोर केलं होतं ना. तीच म्हणाली, काही बदलू नको, असंच सांग.”

त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

“बघ!” मावशींनी मिल्काचा गाल धरला. “म्हणून मी म्हणत होते. आठ वर्षं उगीच नाही काढलीस. पुढच्या वर्षी इफ्ताह शास्ता घेऊ. मिल्का, पुढे तू. आता ना नाही म्हणायचं.”

झालं. जे हवं होतं ते असं जिन्यात, नोआच्या लाळेऱ्यासकट, हातात आलं होतं. फक्त मान हलवायची होती. जान्हवी भिंतीला टेकून टाळांची दोरी गुंडाळत होती.

“मावशी,” मिल्का म्हणाली, “मी सुचवलं नाही. मला ठाऊक होतं ती उलटं सांगतेय. महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. मी बोलले नाही.”

“म्हणजे? विसरलीस?”

“नाही. मुद्दाम.”

मावशींचा हात गालावरून खाली आला. त्यांनी नोआकडे बघितलं, मग मिल्काकडे.

“मला पुढे उभं राहायचं होतं,” मिल्का म्हणाली. “तुम्ही मला विचारलंच नाही.”

“नाही विचारलं,” मावशी हळूच म्हणाल्या. “ते माझं चुकलं. पण हे...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “इफ्ताह जान्हवी करेल. मागची कोण ते तिचं तिनं ठरवावं. मला विचारू नका.” आणि गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी उतरून त्या खाली गेल्या.

जान्हवीने टाळ पिशवीत टाकले.

“कशाला बोललीस?” ती म्हणाली. “मी झाकलं होतं ना? आता सगळीकडे हेच बोलणं होणार. बिचारी जान्हवी, जावेनं फसवलं तिला. मला नको तसलं बिचारीपण. मी आज कीर्तन मारलं होतं, वहिनी. मस्त मारलं होतं. त्याचीपण वाट लावलीस तू.”

मिल्काला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल. हे तिने धरलं नव्हतं.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“तू वहीत बघितलंस तेव्हा. निरूपण वहीत नसतं.” जान्हवीने नाक ओढलं. “आजोबांच्या मागे एक पेटीवाला होता. मत्सरी मेला. मुद्दाम सूर वर चढवायचा, आजोबांचा आवाज फाटावा म्हणून. आजोबा त्याला कधी काढायचे नाहीत. म्हणायचे, ह्येका माझो प्रत्येक सूर ठावक असा.”

“मला तुझा राग येतो,” मिल्का म्हणाली. “आत्तापण येतोय. नोआ तुझ्याकडे झेपावते त्याचा पण येतो.”

“दिसतं ते. आंधळी नाही मी.” नोआने तेवढ्यात जान्हवीच्या बांगड्यांना हात घातलाच होता. जान्हवीने तो सोडवला नाही. “इफ्ताहला मागे उभी राहशील?”

“तू ठेवशील?”

“निरूपण सगळं आधी तुझ्यासमोर करणार. चुकलं तर तोंड उघडायचं. शप्पथ घे.”

“शपथ नको,” मिल्का पटकन म्हणाली. “इफ्ताहाचं सगळं शपथेनंच झालं.”

“काय झालं?”

“तुला ठाऊक नाही?”

“मला काय ठाऊक असतं! रूबेनला विचारू?”

मिल्काला नकळत हसू आलं. मग ती सांगायला लागली. इफ्ताह दुसऱ्या बाईचा मुलगा म्हणून सावत्र भावांनी घरातून हाकललेला. लढाई आली तेव्हा त्याच गोतावळ्याने त्याला बोलावून आणलं. निघताना त्याने देवाला शब्द दिला, की जिंकून आलो तर माझ्या दारातून जे पहिलं मला भेटायला बाहेर येईल ते तुला वाहीन.

“मग? कोण आलं? कुत्रा?”

“मुलगी. एकुलती एक. डफ वाजवत, नाचत.”

नोआ झाल्यापासून मिल्काने हे पान उघडलं नव्हतं. जान्हवीची मोकळी बोटं जिन्याच्या कठड्यावर हलायला लागली होती. हलका, उडता ठेका, दारातून धावत येणाऱ्या मुलीच्या पावलांचा, आणि दर चौथ्या मात्रेला मध्येच एक रिकामी जागा. इतक्या वर्षांत हा ठेका मिल्काच्या डोक्यात कधी आला नव्हता. हिला अजून शेवट माहीत नाही, आणि हिला ताल सापडलापण.

“पुढे?” जान्हवी म्हणाली.

मिल्काने नोआला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती पायरीवर बसली.

“पुढे त्या मुलीने मरायच्या आधी दोन महिने मागितले,” ती म्हणाली. “डोंगरात जायला, मैत्रिणींना घेऊन. हे सगळे गाळतात. तू गाळू नको.”